इहिरीचा तुकडा

३ जानेवारी २०२४
पुन्हा तारीख. ड्युटी बदलून, साहेबांच्या विनवण्या करून रजा काढली. जामखेडच्या कोर्टात सकाळपासून बाकावर बसले, तर भास्करचा वकील आलाच नाही. बाहेर टपरीवर भास्कर गावातल्या चौघांना घेऊन चहा पीत होता. मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "वैनी, गाडी चुकंल तुमची." चौघं हसले.
चेहरे बघून ठेवलेत.
धाकटा दीर माझा. एकेकाळी ह्याला मी गरम भाकरी वाढलीय. यापुढे त्याचं पूर्ण नाव लिहायला शाई घालवायची नाही. नुसतं भा.

४ जानेवारी
जामखेड–खर्डा, सकाळची फेरी. आमच्या गावच्या फाट्यावर मंदा चढली, भा.ची बायको. कंडक्टर मी आहे म्हटल्यावर खिडकीबाहेर बघतच हात पुढे केला. तिचं तिकीट काढलं आणि हातात न देता सीटच्या कडेला ठेवलं. वाऱ्यानं उडालं. वाकून शोधत बसली.
एवढ्यानंही बरं वाटतं मला. वाटू दे.

९ जानेवारी
डोकं दुखतंय. आज हे गेले ती तारीख. उसाची ट्रॉली उलटली तेव्हा गौरी सहावीत होती. तेराव्याच्या पंगती उठल्या आणि दुसऱ्या दिवशी माझी पेटी ओट्यावर. पेटी उचलून ठेवली भा.नं, पण "ठेव तिकडं" म्हणाल्या आत्याबाई. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणायचं. माझ्या हातातल्या बांगड्याही त्यांनीच फोडल्या होत्या, इतक्या जोरात की मनगटावर वण आहे. म्हणाल्या, "पोरीला घे अन् म्हायेरी जा. हितं तुझं कोन हाय आता." नाना, म्हणजे सासरे, खुर्चीत बसून होते.
नंतर नानांनी मृत्युपत्र केलं. जमीन, लिंबाची बाग, विहीर, घर, सगळं भा.ला. माझा उल्लेख त्यात एकदाच. 'थोरल्या मुलाची विधवा हिचा मिळकतीशी काही संबंध नाही.' नाना गेल्यावर भा.नं तो कागद तलाठ्याकडे दिला. मी हरकत घेतली, मग दावा. तेव्हापासून हेच चाललंय.
लोक म्हणतात, तुला नोकरी आहे, पोरगी हुशार आहे, सोडून दे. मला जमीन पिकवायची नाही. मला तो ओट्यावर उभा राहिलेला बघायचाय, त्याच्या पेटीसकट.

१९ जानेवारी
वकीलबाईंकडे गेले होते. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून कधी कधी मलाच राग येतो. आज पहिल्यांदा नीट समजून घेतलं. जी जमीन नानांना त्यांच्या बापाकडून आली, ती सगळीच्या सगळी मृत्युपत्रानं देता येत नाही. नाना फक्त आपला वाटा देऊ शकत होते. ह्यांचा वाटा जन्मानंच होता, तो माझा, गौरीचा आणि थोडा आत्याबाईंचा. तेवढं मिळणारच.
पण बाग नानांनी स्वतः घेतलेली, घामाच्या पैशाची. ती ते कुणालाही देऊ शकत होते. म्हणजे मृत्युपत्र खरं ठरलं तर बाग भा.ची. नाही ठरलं तर तीन वाटे: आत्याबाई, भा., आणि आम्ही मायलेकी.
विचारलं, "मृत्युपत्र कशानं मोडेल?"
म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतात. नानांना सही करताना त्यांनी बघायला हवं, नाहीतर निदान नानांनी त्यांना सांगायला हवं की सही माझी आहे. दोघांतला एक वारला. दुसरे नानांचे जुने मित्र रशीदचाचा. त्यांना बोलावणं भा.लाच भाग आहे. बघू काय म्हणतात.
मला बाकी कोरडवाहू नको. मला बाग पाहिजे. उन्हाळ्यात भा.चं सगळं घर त्या एका विहिरीवर चालतं.

८ फेब्रुवारी
फाट्यावर चढणाऱ्या बायका बोलत होत्या. मी तिकिटं काढत कान दिला. आत्याबाईंना गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत टाकलंय. ताट दारातूनच सरकवतात. मंदा म्हणते म्हातारीचा खोकला पोरांना लागेल.
दिवसभर गाडीत गुणगुणत होते. ड्रायव्हर जगताप म्हणाले, "बाई, आज खूश?" म्हटलं, हो.
खरंच होते.

११ मार्च
आजचं आजच लिहून ठेवते.
दुपारची फेरी, आमचा फाटा. आत्याबाई एकट्याच चढल्या. हातात गाठोडं, एकाच पायात चप्पल. गाडी जवळजवळ रिकामी. मी मशीन घेऊन समोर उभी राहिले. दहा वर्षांत एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. लहान झाल्यात.
"कुठलं तिकीट?"
"तू उतरशील तितलं."
जगतापांनी आरशातून बघितलं. मी जामखेडचं काढलं.
आत्ता आतल्या खोलीत झोपल्यात, गौरीच्या जागेवर. दूध-भाकरी खाल्ली. मी काही विचारलं नाही.
दया आली म्हणून आणलेलं नाही, हे लिहून ठेवते. दाव्यात त्या भा.सोबत प्रतिवादी आहेत. वाटाही आहे त्यांचा. त्या माझ्या बाजूनं बोलल्या तर भा.च्या घरातूनच त्याला खिंडार. चालत आलेलं हत्यार आहे. हत्याराला खायला घालावंच लागतं.

१३ मार्च
वकीलबाईंना फोन केला. म्हणाल्या, "त्या स्वखुशीनं आल्यात ना?" म्हटलं, माझ्या गाडीनं आल्या, तिकीट काढून.

२८ मार्च
म्हातारीनं नाकी नऊ आणलेत. माझ्या भाकरीला पदर सुटत नाही. माझा नळ नीट बंद होत नाही. माझ्याकडे देव एकच का. काल ड्युटीवरून आले तर शेजारच्या बाईला सांगत बसलेल्या, "सून एस्टीत हाय माझी, सगळ्या गाडीला हाताखाली ठेवती." सून म्हणे. दहा वर्षं नव्हते.
गावाकडून एकदाही फोन नाही. आत्याबाई फाट्याकडच्या गाड्यांच्या वेळा विचारतात. कशाला विचारता म्हटलं तर, "आसंच."

२१ एप्रिल
गौरी आलीय राहुरीहून. शेवटचं वर्ष शेतकीचं. आजी आणि नात दोघी दिवसभर लिंबाच्या गप्पा मारत बसल्या. बहार धरायचा म्हणजे झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, मग फुलं येतात. मी विचारलं, आणि पाणी तोडलं ते परत दिलंच नाही तर? गौरीनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मग झाड वाळतं, आई. बाग परत उभी करायला सात-आठ वर्षं."
सात-आठ वर्षं. छान.
पोरगी नंतर स्वयंपाकघरात आली. "तू आजीला कशासाठी ठेवलंयस?" उत्तर तिला माहीत होतं. तिचं बापासारखं आहे, माहीत असलेलंच विचारायचं.

१३ जून
रशीदचाचांच्या दुकानात गेले. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतात ते, नानांचे लहानपणापासूनचे मित्र. तांब्याच्या तारेचा गुंता मांडीवर घेऊन बसलेले. मी सरळ विचारलं, चाचा, नानांनी सही केली तेव्हा तुम्ही होतात का?
त्यांनी मान वर केली नाही. "सूनबाई, कोर्टात मला शपथ घालतील. तवा सांगन. हितं न्हाई."
"भा.ला तर तुम्ही आधीच सांगितलं असेल."
"त्येलाबी हेच सांगितलं."
रागानं निघून आले. गाडीत बसल्यावर वाटलं, म्हातारा नक्की त्यांच्याच बाजूचा. दुकानाची जागा भा.च्या मेव्हण्याची आहे.

९ जुलै
सगळं जसंच्या तसं लिहिते. विसरायचं नाही.
चाचा पांढरा शर्ट घालून आले. आधी त्यांचं प्रतिज्ञापत्र वाचलं, भा.च्या वकिलानं तयार केलेलं. त्यात सगळं ठाकठीक: नानांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही नानांसमोर केली. भा. पाय हलवत बसलेला.
मग वकीलबाई उठल्या. मोटारीचं दुकान किती वर्षं, नानांची ओळख किती वर्षं, असलंच विचारत राहिल्या. मला वाटलं ह्या वेळ घालवताहेत. आणि मग त्याच आवाजात, "तुम्ही या कागदावर सही कुठे बसून केली?"
"दुकानात."
"नाना तेव्हा कुठे होते?"
चाचांनी भा.कडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. "घरी आसतील. आजारी हुते. भास्कर कागद घेऊन आला. म्हनला, नानांनी सही केलीया, तुमी करा. मी केली."
"नानांनी नंतर तुम्हाला कधी सांगितलं, की मी सही केली?"
"न्हाई. त्या कागदाचं नानांनी कधी नावच काढलं न्हाई."
भा.चा वकील उठला. प्रतिज्ञापत्रात असं नाही, साक्षीदार फितूर झालाय. चाचा म्हणाले, "त्ये मला वाचून दाखवलं न्हाई. आत्ता शपथ घातली, आत्ता इचारलं, आत्ता सांगितलं."
भा.चा पाय हलायचा थांबला. तो पाय मी मरेपर्यंत विसरणार नाही.
बाहेर आले. टपरीवर तेच चौघं होते. मी मुद्दाम त्यांच्या बाकाशेजारी उभी राहून भेळ खाल्ली, सावकाश, कागद चाटून.

१० जुलै
आत्याबाईंना सगळं सांगितलं, साक्षीसकट. ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नानांना सही करताना मी बघितलं हुतं. भास्करनं हात धरला न्हवता. त्येंनीच केली."
मी म्हटलं, मग एवढे दिवस बोलल्या का नाहीत?
"कुनी इचारलं?"
म्हणजे नानांनी खरंच केली. मनापासून. काही संबंध नाही, हे त्यांचेच शब्द.
वकीलबाई म्हणाल्या, त्यानं फरक पडत नाही. सही खरी असली तरी साक्ष नीट झालेली नसेल तर मृत्युपत्र टिकणं कठीण.
फरक पडत नाही. मग आज जेवण का गेलं नाही.

२ ऑगस्ट
चाचांचं दुकान हलवलं. मेव्हण्यानं जागा खाली करायला लावली. आता घरच्या ओसरीवर मोटारी भरतात. गाडीतून दिसले. हात केला. त्यांनी केला नाही.

२२ ऑगस्ट
भा. डेपोत आला. कॅश भरायच्या खिडकीपाशी गाठलं. "वैनी, पाच मिन्टं." दहा वर्षांत पहिल्यांदा आवाज खाली होता. मी म्हटलं, हिशोब करून येते, तिकडं उभे राहा. बोट दाखवलं ते उन्हातल्या खांबाकडे, जिथं सावली येत नाही. आरामात कॅश भरली, पाणी प्याले, सहकारी बाईच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं ते ऐकलं. मग मागच्या गेटनं घरी.
आत्याबाईंना सांगितलं तर एवढंच विचारलं, "माझं काय इचारलं का त्यानं?"
त्याला बोलायलाच दिलं नव्हतं. तरी म्हटलं, नाही.
मुद्दाम म्हटलं.

२९ सप्टेंबर
आत्याबाईंचा वाटा. रात्रंदिवस तेच डोक्यात. म्हातारीनं आपला वाटा गौरीच्या नावानं केला, तर दोन वाटे आमच्याकडे, विहिरीसकट. मग भा.ला बागेत उभं राहायलाही मला विचारावं लागेल. करून ठेवलं नाही तर त्यांच्यामागं त्यांच्या वाट्यातही भा. भागीदार. त्याला परत देण्यासाठी मी हिचा खोकला ऐकला का?
आज गोडाचा शिरा केला. पाय चेपले. आत्याबाई म्हणाल्या, "काय पायजे तुला?"
आडून बोलायची सवय नाही मला. सांगून टाकलं.
"बघू," म्हणाल्या, आणि शिरा संपवला.

१४ ऑक्टोबर
आत्याबाईंना घेऊन वकीलबाईंकडे. त्यांनी मलाच बाहेर बसवलं. म्हणाल्या, तुम्ही त्यांना मृत्युपत्र करायला घेऊन आलात, खोलीतही बसलात, तर उद्या भा.च म्हणेल दबाव होता. मग तुमचा कागद नानांच्या कागदासारखाच होईल. आणि मी तुमची वकील आहे, त्यांना मी फक्त त्यांचा हक्क समजावून सांगेन. कागद करायचा तर दुसऱ्याकडून करून घ्या.
बाहेर बसले. दाराआडून आत्याबाईंचं हसणं ऐकू आलं. माझ्याकडे आल्यापासून कधी हसल्या नव्हत्या.
वकीलबाई बाहेर आल्या. "त्या म्हणतात, घाई नाही."
जेवताना त्यांच्या ताटात लोणचं वाढलं नाही. त्यांनी उठून स्वतः घेतलं.

१५ ऑक्टोबर
गौरीशी फोनवर भांडण. तिला आजीनंच सांगितलं असणार. म्हणाली, "नानांनी काकाला करून दिलं, आता तू आजीकडून करून घेणार. फरक काय?"
म्हटलं, फरक आहे. ते माझ्याविरुद्ध होतं.
फोन ठेवला तिनं.

२६ नोव्हेंबर
कोर्टानं लोकअदालतीत बसून बघा म्हणून सुचवलं. मी नाही म्हणणार होते. मला निकाल पाहिजे, तडजोड नाही. वकीलबाईंनी फोनवर समजावलं. निकाल लागला तर भा. नगरला अपील करणार, तिथून पुढे मुंबई की औरंगाबाद. लोकअदालतीत मिटलं तर तिथंच शेवट, अपील नाही.
मी म्हटलं, मला थांबायला वेळ आहे. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "मला न्हाई."

१४ डिसेंबर
झालं.
एका टेबलाभोवती सगळे. न्यायाधीश, दोन सदस्य, भा., मंदा, मी, गौरी, आत्याबाई. भा.नं आईच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हातही वर केला नाही.
वडिलोपार्जित जमिनीचं लवकर मिटलं. बागेवर अडलं. भा. म्हणतो झाडं मी वाढवली, मी म्हणते विहीर आमच्याकडे हवी. आवाज चढले. न्यायाधीश आत्याबाईंना म्हणाले, आजी, तुम्हाला काय वाटतं?
त्या उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.
"मला इहिरीचा तुकडा पायजे. इहीर, तिथली पडकी खोली अन् भवतालची झाडं. माझ्या येकटीच्या नावानं. बाकीचं ह्येंनी वाटून घ्यावं."
न्यायाधीशांनी विचारलं, राहणार कुठे?
"तितंच."
मी मनात हिशोब केला: भा.ला मिळत नाही ना, मग चालेल. माझ्याकडे राहिलीय, माझं खाल्लंय, उद्या गौरीलाच देईल. समोर भा.च्या तोंडावरही तसाच हिशोब चालू होता. आई आहे, पाण्याला नाही म्हणणार नाही, आणि मुलाच्याच दारात येईल.
दोघांनी सह्या केल्या. दोघंही जिंकल्यासारखे.
आत्याबाईंनी अंगठा दिला. शाई पुसायला मंदानं पदर पुढे केला आणि मी रुमाल. त्यांनी भिंतीला पुसली.

३० जानेवारी २०२५
मोजणी झाली. दगड रोवले. माझी आणि गौरीची पट्टी ओढ्याच्या बाजूला, भा.चा मोठा तुकडा रस्त्याकडे, मध्ये विहीर. म्हणजे पाण्यासाठी दोघांनाही मधल्या तुकड्याकडे बघायचंय. हे मी सही करताना नीट बघितलंच नव्हतं. आत्याबाई मोजणीवाल्याच्या मागं मागं फिरत होत्या. प्रत्येक दगडावर पाय ठेवून बघितला, हलतो का.
भा. लांब बांधावर उभा. एकटा. मी त्याच्याकडे बघून हसले. तो काही करू शकत नव्हता. दहा वर्षं या घटकेची वाट बघितली आणि ती चहा पिऊन होईपर्यंत टिकली.

२४ फेब्रुवारी
आत्याबाईंच्या नावाचा सातबारा निघाला. वाचून दाखव म्हणाल्या. वाचला. परत वाच म्हणाल्या. आधी बापाचं नाव, मग नवऱ्याचं, असंच गेलं त्यांचं. कागद ब्लाउजमध्ये ठेवला आणि गाठोडं बांधायला घेतलं.
मी म्हटलं, एवढ्या उन्हाळ्याच्या तोंडावर कुठे जाता, खोकला आहे, रात्री-अपरात्री काही झालं तर?
"तितं मोबाईलला रेंज हाय."
गौरीनं शनिवारी येऊन खोलीवर पत्रे टाकून घेतले, मोटार रशीदचाचांकडून भरून घेतली. चाचा स्वतः बसवायला आले. मी चहा दिला. "तुम्हाला त्रास झाला चाचा," म्हटलं. ते म्हणाले, "मी तुझ्यासाटी बोललो न्हाई, सूनबाई." चहा मात्र घेतला.
निघताना आत्याबाईंना विचारलंच. मग तुमच्यामागं हे कुणाचं?
"आजून मेले न्हाई मी, रत्ने."
दहा वर्षांनी नावानं हाक मारली.
आतली खोली मोकळी झाली. पलंग पुन्हा गौरीच्या जागी लावला. जेवताना दोन भाकऱ्या जास्त झाल्या.

१९ मार्च
सुट्टीला गेले होते विहिरीवर. खोली सारवलेली, दारात तुळस. भा.च्या झाडांची पानं वळायला लागलीत. डोळे भरून बघितली. म्हटलं, आत्याबाई, त्याला पाणी द्यायचं नाही. तुम्हाला गोठ्याशेजारी टाकलं ते विसरू नका.
त्या लिंबं निवडत होत्या. "तू मला सांगू नगं. काल त्योबी सांगून गेला, रत्नीला देऊ नगं म्हनून."
"मग तुम्ही काय म्हणालात?"
"जे तुला म्हनते त्येच. पानी कुनाला त्ये पाटात दिसंल."
आमच्या पट्टीला हवं तर मागायचं, असं बोलणं आहे. अजून मागितलेलं नाही. माझ्या तोंडातून निघेना. पट्टीतली झाडंही मलूल दिसली. गौरी म्हणते, विचार ना गं, एक शब्द आहे. तिला काय कळणार, तो शब्द कुठे अडकतो ते.

११ एप्रिल
फाट्यावरच्या बायका आता मला मुद्दाम ऐकवतात. भा. रोज विहिरीवर जातो. मंदा डबा पाठवते, तो म्हातारी घेते, डबा धुऊन परत देते, पाण्याचं बोलत नाही. परवा भा. दुपारभर दारात उभा होता. म्हातारीनं आत बोलावलं नाही. आपली भाकर थापत राहिली.
दोनदा विचारलं, दारात, उभाच? खरंच?
दिवसभर तेच डोळ्यांसमोर आणत होते. त्याला घाम आलेला, टोपी हातात. मला हवं होतं ते हेच. फक्त त्याला उभा करणारी मी नव्हते.
संध्याकाळी आत्याबाईंना फोन केला. पाणी दिलं का? म्हणाल्या, गाईला चारा टाकायचाय, आणि ठेवला. गाय कधी घेतली, कुणी दिली, तेही कळलं नाही.

२ मे
भयंकर ऊन. गाडीच्या पत्र्याला हात लाववत नाही. गौरीचा फोन: आपली पट्टी आठवड्याभरात गेली समज. तू मागत नसशील तर मी मागते. मी म्हटलं, खबरदार. मग विचारलं, काकाची झाडं कशी आहेत? म्हणाली, "गावातून आलेल्या फोटोत नीट सांगता येत नाही. कडेची वाळलीत, आतली हिरवी वाटतात." आतली का हिरवी? ती म्हणाली, जाऊन बघ.

६ मे
दुपारची फेरी, खर्ड्याहून परत. फाट्यावर एकच म्हातारा उतरायचा होता. तो उतरेपर्यंत दारात उभी राहिले. रस्त्यावरून बाग दिसते, विहीर दिसत नाही. खोलीचा नवा पत्रा तेवढा चमकत होता.
जगतापांना म्हटलं, इंजिन बंद करा जरा. ते वळून बघत राहिले. म्हटलं, करा ना, मिनिटभर. त्यांनी केलं. गाडीत कुरकुर सुरू झाली, उकडतंय, काय झालं, बंद पडली काय.
मी पायरीवर उतरले. आधी नुसतं ऊनच. मग ऐकू आलं. मोटार चालू होती. चाचांनी भरलेली, एका सुरात, न अडखळता.
पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते तिथून कळत नाही. आमच्या पट्टीचा पाट ओढ्याकडं उतरतो, भा.चा रस्त्याच्या बाजूनं झाडांखालून. दोन्ही झाकलेले. चालत गेलं तर दहा पावलांत दिसेल.
त्याला चाललं असेल तर मी काय करणार आहे? आणि न मागता मला चाललं असेल, तर?
मागून कुणीतरी म्हणालं, बाई, घरी जायचंय आम्हाला.
जगतापांनी विचारलं, "काढायची का?"
मी एक पाय रस्त्यावर टेकवला होता. तो वर घेतला आणि डबल बेल दिली.